कृपया काचेला टेकू नये

पेंढा भरलेल्या वाघासमोर उभा राहणारा माणूस साधारणपणे तीन प्रश्न विचारतो. पहिला, "हा खरा आहे का?" दुसरा, "पण मेलेला आहे ना?" आणि तिसरा, "स्वच्छतागृह कुठल्या बाजूला आहे?" यांपैकी तिसऱ्याचे उत्तर तो लक्ष देऊन ऐकतो. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वाघाच्या पायापाशी एका पाटीवर लिहिलेली असतात. वाघ कुठला, कधीचा, नर की मादी, राहतो कुठे, खातो काय, सगळे दोन भाषांत. पाटी लिहिणाऱ्याने तिच्यापायी महिना घालवलेला असतो. शास्त्रीय नाव तिरप्या अक्षरात आले नाही म्हणून छापखान्याशी भांडणही केलेले असते. प्रेक्षक त्या पाटीवर कोपर टेकतो आणि वाघाबरोबर फोटो काढून घेतो.

निसर्ग-इतिहासाचे संग्रहालय प्राणी मांडते, ते लोकांना समजावून सांगते आणि मागच्या बंद खोल्यांत त्यांच्यावर संशोधन करते. या तिन्ही कामांत प्राण्यांनी आजवर कसलाही त्रास दिल्याची तक्रार नाही. त्रास आहे तो दोन पायांच्या मंडळींचा, आणि त्यांत प्रेक्षकांइतकेच तज्ज्ञही मोडतात.

अडचण नावापासूनच सुरू होते. 'इतिहास' हा शब्द कानावर पडला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे ढाल-तलवार येते. अशाच एका दालनाच्या दारात एका कुटुंबाने पहारेकऱ्याला गाठले.

"वाघनखं कुठे ठेवली आहेत?"

पहारेकऱ्याने शांतपणे वाघाकडे बोट केले. "त्यालाच आहेत. चारही पायांना."

वास्तविक 'हिस्टरी' या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ चौकशी असा आहे. भाषांतर करणाऱ्याने 'निसर्ग-चौकशी' असे नाव सुचवले असते, तर मराठी मुलखात या संग्रहालयांना तिकिटाच्या रांगा लागल्या असत्या. दुसऱ्याच्या घरात कोण राहते, काय खाते, मुले किती, ही माहिती फुकटात देणारी दुसरी संस्था नाही.

'पेंढा भरलेला' हा शब्दप्रयोग मराठीने घट्ट धरून ठेवला आहे. कारागिरांनी पेंढा केव्हाच टाकून दिला. आता आधी जनावराची मापे घेतात, त्या मापांचा साचा किंवा पुतळा घडवतात, कमावलेले कातडे त्यावर चढवतात, काचेचे डोळे बसवतात आणि शिवण केसांखाली लपवतात. काम शिंप्याचे, शिल्पकाराचे आणि शवविच्छेदन करणाऱ्याचे एकत्र आहे. कौतुक मात्र वाघाचे होते. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ पासून असे केंद्र आहे आणि तिथे मेलेल्या वाघ-बिबट्यांना पुन्हा उभे केले जाते.

या कलेची खरी कसोटी एकच: करणाऱ्याने ते जनावर जिवंत पाहिलेले असावे. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातला वॉलरस याचे जाडजूड उदाहरण आहे. वॉलरसच्या अंगावर भरपूर सुरकुत्या असतात, हे एकोणिसाव्या शतकातल्या त्या कारागिराला ठाऊक नव्हते. कातडे हातात आले, ते ढिले वाटले, म्हणून त्याने शेवटची सुरकुती जाईपर्यंत भरले. परिणामी तो वॉलरस आजतागायत लग्नाच्या पंगतीतून नुकताच उठल्यासारखा तट्ट फुगून बसला आहे. आणि गर्दी त्यालाच बघायला होते. शास्त्रशुद्ध वॉलरसला कोणी विचारले असते की नाही, शंका आहे. स्वीडनच्या ग्रिप्सहोम किल्ल्यातल्या अठराव्या शतकातल्या सिंहाची कथा याहून करुण आहे. ज्याने तो भरला त्याने सिंह पाहिलेला नव्हता, असे म्हणतात. डोळे एकमेकांजवळ, दात माणसासारखे, जीभ बाहेर. वनराजाचा चेहरा परीक्षेत नाव पुकारल्यावर दचकलेल्या मुलासारखा झाला आहे.

जुन्या नमुन्यांना हात लावू नये, ही सूचना शिस्तीसाठी असते असा सार्वत्रिक समज आहे. ती तशी नसते. कातड्याला कीड लागू नये म्हणून अठराव्या शतकापासून आतून सोमल, म्हणजे आर्सेनिक, चोळण्याची पद्धत होती. तेव्हा 'कृपया हात लावू नये' यातला 'कृपया' हात लावणाऱ्याच्या भल्यासाठी आहे. हे कळल्यावरही प्रेक्षक आधी हात लावतो, मग विचारतो, "म्हणजे आत्ता मी लावला तर काय होईल?"

घरात शिकारीची मुंडकी टांगलेल्या घराण्यांची गोष्ट निराळी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा वस्तूंसाठी मालकीचा दाखला लागू लागला आणि मराठी वाड्यांतल्या मौखिक इतिहासाला मोठाच हादरा बसला. तोवर दिवाणखान्यातला बिबट्या आजोबांनी एकट्याने, अंधारात, एका गोळीत मारलेला असे. नोंद करायला कारकून बसल्यावर तोच बिबट्या कोणीतरी भेट दिलेला, बहुधा आधीच मेलेला, आणि आजोबा त्या वेळी पंढरपूरला गेलेले, असे निष्पन्न होऊ लागले.

सांगाड्यांपुढे पहिला प्रश्न, "हा खरा आहे का?", एकदम अवघड होऊन बसतो. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये १९०५ साली अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून डिप्लोडोकसचा २६ मीटर लांबीचा सांगाडा उभा राहिला. लोक त्याला लाडाने 'डिप्पी' म्हणू लागले. हा डिप्पी २९२ तुकड्यांचा आणि नखशिखांत प्लास्टरचा. मूळ हाडे अमेरिकेत, इथे त्यांचे साचे. शेपूट पूर्वी जमिनीलगत ठेवलेली असे आणि तिच्या टोकाचे मणके प्रेक्षक खिशात घालून नेत. संग्रहालयाला जादा मणके करून ठेवावे लागले. म्हणजे खोट्या जनावराच्या चोरीस गेलेल्या खोट्या हाडांच्या जागी बसवायला आणखी खोटी हाडे. शेवटी १९९३ मध्ये शेपूट वर हवेत उचलली गेली. शास्त्रज्ञांचेही तोवर मत बदलले होते की डिप्लोडोकस शेपूट फरफटवत नसे, हा एक सुखद योगायोग. २०१७ साली मधल्या दालनात डिप्पीच्या जागी निळ्या देवमाशाचा सांगाडा आला. हा खऱ्या हाडांचा आहे आणि छताला टांगलेला आहे. पूर्वानुभव वाया गेला नाही.

भारताकडेही असा एक महाकाय आहे: बारापासॉरस. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात त्याची सुमारे तीनशे हाडे सापडली आणि कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या संग्रहालयात त्यांतून त्याला उभे केले. बारापासॉरस म्हटल्यावर मराठी माणूस प्रथम त्याचे पाय मोजतो. चारच भरल्यावर फसवणूक झाल्यासारखा पाहतो. नाव बंगाली आहे. 'बडो' म्हणजे मोठा आणि 'पा' म्हणजे पाय. पुढे 'टागोराय' लावून रवींद्रनाथांचाही सन्मान केला आहे. एवढी हाडे मिळाली, पण त्यांत डोके मिळाले नाही. तज्ज्ञांनी अंदाजाने डोके करून बसवले आणि काम पुढे चालू ठेवले. ज्यांनी मोठ्या कार्यालयांत नोकरी केली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

मांडणीचा सर्वांत मेहनती प्रकार म्हणजे देखावा. मागे रंगवलेला डोंगर, पुढे खरी माती, मेणाची पाने, मध्ये सांबर किंवा रानरेडा आणि वरून मंद दिवा. मराठी प्रेक्षकाला या कलेची ओळख करून द्यावी लागत नाही, कारण दर भाद्रपदात तो तेच करत असतो. म्हणूनच काही ज्येष्ठ नागरिक काचेसमोर येताच नकळत हात जोडतात, आणि काचेच्या खालच्या फटीतून दोन-पाच रुपयांची नाणी आत सरकवलेली सापडतात. गेंड्याला मिळालेली ही दक्षिणा कोणत्या खात्यावर जमा करावी, हा हिशेबनिसाला पडणारा पेच आहे.

मुंबईतल्या अशा देखाव्यांचे मूळ घराणे म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले. त्यांतले दोघे भारतीय: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. महिन्यातून एकदा भेटायचे आणि सापडलेल्या वस्तू एकमेकांना दाखवायच्या, एवढाच बेत होता. वस्तू ठेवायच्या कुठे हा प्रश्न लगेच आला. सभासद एच. एम. फिप्सन यांनी फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या दुकानातली जागा दिली. दुकान मद्याचे होते. नव्या विद्येला आश्रय मिळावा कुठे, यावर त्या काळच्या सोवळ्या मंडळींनी काय म्हटले असेल याची कल्पना करता येते. पण सभेला हजेरी कमी पडली असे कुठे दिसत नाही.

पहिले मानद सचिव ई. एच. एटकेन, टोपणनाव 'एहा'. जन्म साताऱ्याचा, नोकरी जकात आणि मिठाच्या खात्यात, आणि लिखाण घरातल्या पाली, मुंग्या, उंदीर यांच्यावर. विज्ञानाने त्यांच्या सेवेची कदर केली: एका डासाला त्यांचे नाव दिले. अॅनोफेलीस एटकेनाय. या क्षेत्रात सत्कार असेच होतात, शाल-श्रीफळ नसते.

संस्थेच्या कचेरीत फिप्सन यांच्या खुर्चीमागे कारवारहून आलेला 'विल्यम' नावाचा धनेश राहत असे. १८९४ पासून १९२० पर्यंत त्याने नोकरी केली, म्हणजे बहुतेक कारकुनांच्या पेन्शनइतकी. एकदा त्याने पेटती सिगार गिळली आणि त्याला काही झाले नाही. पुढे तारेचा तुकडा गिळला, तेव्हा मात्र कारकीर्द संपली. संस्थेच्या बोधचिन्हावर आज धनेशच आहे.

या संस्थेच्या मदतीने प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचा, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा, निसर्ग-इतिहास विभाग १९२३ मध्ये उघडला. इमारतीचा पाया १९०५ चा, बांधून झाली १९१४ मध्ये, मधल्या महायुद्धात ती इस्पितळ म्हणून वापरली गेली आणि संग्रहालय सुरू झाले १९२२ मध्ये. मुंबईतल्या कोणत्याही सार्वजनिक बांधकामाच्या हिशेबाने हे वेळेवरच म्हणावे लागेल. सोसायटीचे अभिरक्षक स्टॅन्ली प्रेटर यांनी हे प्राणी मांडण्यात वर्षे घालवली. ते पुढे घटना समितीचे सदस्यही झाले. निश्चल श्रोत्यांपुढे उभे राहण्याचा सराव तिथे कामी आला की नाही, याची नोंद नाही.

मांडून झाले की समजावणे आले. त्यासाठी संग्रहालये कार्यक्रम ठेवतात आणि त्यांत शाळेची सहल अग्रभागी. दोन-दोनची रांग, गळ्यात पाण्याच्या बाटल्या, आणि दारातच बाईंची सूचना: "प्रत्येक पाटीवरची माहिती वहीत उतरवून घ्या. उद्या तपासणार." हा एकमेव प्रेक्षकवर्ग पाट्या वाचतो; खरे तर वाचतही नाही, उतरवतो. दीड तासात चाळीस मुले वह्यांत माना घालून हिमालय, कच्छचे रण आणि समुद्राचा तळ ओलांडून बाहेर येतात.

"काय रे, गवा पाहिलास?"

"नाही बाई. लिहीत होतो."

"मग काय लिहिलंस?"

"कृपया काचेला टेकू नये."

मोठ्यांसाठी मार्गदर्शक असतो. मुंबईच्या संग्रहालयात १९२६ मध्ये या कामावर दरमहा ३५० रुपयांवर एक तरुण रुजू झाला: सलीम अली. १९०८ साली त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती घेऊन ते सोसायटीत गेले आणि तिथले सचिव मिलर्ड यांनी त्यांच्यापुढे पक्ष्यांनी भरलेले खणच्या खण उघडले. असा माणूस 'हा खरा आहे का' या प्रश्नाला उत्तर देण्याच्या नोकरीत दोन वर्षे टिकला, हेच विशेष. १९२८ मध्ये रजा काढून ते बर्लिनला शिकायला गेले. परत आले तेव्हा पैशांअभावी ते पदच नामशेष झाले होते. पक्षिशास्त्राचा त्यात फायदाच झाला.

व्याख्यानांना येणारा श्रोता हाही अभ्यासाचा विषय आहे. त्याचा एक प्रकार प्रश्नोत्तरांच्या वेळी सर्वांत आधी ध्वनिक्षेपक मागतो आणि म्हणतो, "माझा प्रश्न असा नाही, फक्त एक अनुभव सांगतो." अनुभव मेहुण्याच्या उसात शिरलेल्या बिबट्याचा असतो. त्यात मेहुण्याची शेती, पाण्याची पाळी, भावकीतला वाद हे सगळे येते आणि बिबट्या शेवटी नुसताच निघून जातो. सापांवरचे व्याख्यान तर दर श्रावणात त्याच जागी अडते.

"साप दूध पितो का?"

"नाही. त्याला ते पचत नाही."

"आमच्याकडचा पितो."

पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. वक्ता पाण्याचा पेला उचलतो.

प्रेक्षकाला दिसतो तो संग्रहाचा एक कोपरा. लंडनच्या संग्रहालयात सुमारे आठ कोटी नमुने आहेत. सोसायटीच्या मुंबईतल्या संग्रहात लाखाहून अधिक. बहुतेक सगळे खणांत, ओळीने, उताणे, पायाला चिठ्ठी बांधून पडलेले. 'तीच चिमणी शंभर वेळा कशाला?' असे लेखापरीक्षक विचारतोच. उत्तर असे की, शंभर ठिकाणची शंभर सालांतली चिमणी ही शंभर साक्षीदारांसारखी असते. इंग्लंडमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचे पातळ झाल्याचे दाखवले, ते जुन्या संग्रहांतल्या अंड्यांशी तुलना करूनच. डीडीटीविरुद्धच्या खटल्यात हा मोठा पुरावा ठरला. ज्यांनी आयुष्यभर घरट्यांतून अंडी पळवली, त्यांच्या पेट्या ससाण्याच्या बाजूने साक्ष द्यायला उभ्या राहिल्या.

लोकही ओळख पटवायला वस्तू घेऊन येतात. वर्तमानपत्रात गुंडाळलेला गोल दगड टेबलावर ठेवून गृहस्थ आवाज खाली आणतो. "डायनासोरचं अंडं आहे. आमच्या परसात निघालं." तज्ज्ञ उलटसुलट पाहतो. "हा वरवंट्याचा तुकडा आहे." गृहस्थ वरमत नाही. "मग वरवंटा डायनासोरच्या काळातला असेल."

पण या विद्येत सगळे नमुन्याच्या पायाला बांधलेल्या त्या चिठ्ठीवर अवलंबून आहे आणि चिठ्ठी लिहितो माणूस. रानपिंगळा हे छोटे घुबड १८७२ ते १८८४ या काळात मध्य भारतात काही ठिकाणी मिळाले आणि मग दिसेनासे झाले. जगातल्या संग्रहालयांत त्याचे मोजून सात नमुने. त्यांतल्या एकावर चिठ्ठी होती: मांडवी, गुजरात, १९१४, संग्राहक कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. साहजिकच शोधणारे तिथेच शोधू लागले. सलीम अली आणि डिलन रिपली यांच्यासारख्यांनीही शोधला. पिंगळा मिळेना. मिळणार कसा? पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ते कातडे बारकाईने तपासले तेव्हा लक्षात आले की, हा नमुना जेम्स डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने खानदेशात एकोणिसाव्या शतकात मिळवलेला होता. कर्नलसाहेबांनी तो लंडनच्या संग्रहालयातून उचलला, आतला कापूस बदलून नवा भरला आणि पायाला आपली चिठ्ठी बांधली. या गृहस्थांना पूर्वी त्याच संग्रहालयाच्या पक्षिदालनात अठरा महिने प्रवेशबंदी होती. पुढे त्यांनी आपला सुमारे वीस हजार पक्ष्यांचा संग्रह त्याच संग्रहालयाला दान केला आणि तो साभार स्वीकारला गेला. घरातलीच भांडी पळवून ती वास्तुशांतीला आहेर म्हणून आणून द्यावीत, तसा प्रकार.

खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांकडे निघाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, सकाळच्या उजेडात एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला होता. एकशे तेरा वर्षे तो हरवला होता असे छापून आले. त्याच्या चेहऱ्यावर तसे काही दिसत नव्हते.

संग्रहाचा दुसरा शत्रू कर्नलपेक्षा लहान, पण अधिक चिकाटीचा आहे. डर्मेस्टिड कुळातले भुंगेरे वाळलेले मांस, केस, पिसे यांवर जगतात. सांगाडे स्वच्छ करायला त्यांच्याइतका नेटका कामगार नाही. अनेक संग्रहालये त्यांची वसाहत मुद्दाम पाळतात. हाडाला धक्का न लावता मांस तेवढे साफ. पण याच कुळातला एखादा दालनात शिरला, तर पिढ्यान्‌पिढ्यांचा संग्रह भुसा करून टाकतो. म्हणजे एका खोलीत ज्याला पोसायचे, शेजारच्या खोलीत त्याच्याच भावकीवर विष मारायचे. कुळातल्या एका भुंगेऱ्याचे शास्त्रीय नाव अँथ्रेनस म्युझिओरम, 'संग्रहालयांचा'. लिनियसने हे नाव अठराव्या शतकातच देऊन ठेवले. संस्थेवर एवढा रीतसर हक्क आजीव सभासदांनाही मिळालेला नाही.

शेवटचे दालन म्हणजे दुकान. सगळ्या वाटा तिथे येतात आणि पाय दुखू लागल्याची तक्रार करणारी मुले तिथे अचानक धावू लागतात. कापसाचा वाघ, रबरी डायनासोर, धनेशाचे चित्र असलेला पेला. दिवसभर एकही पाटी न वाचलेले कुटुंब इथे थांबते. बाप कापसाचा वाघ उचलतो, उलटा करतो, पोटाखालची बारीक अक्षरांतली चिठ्ठी चष्मा वर सरकवून आधी पुढून, मग मागून वाचतो. बायकोला दाखवतो. तीही वाचते. मग दोघे मिळून तो हळूच जागेवर ठेवतात.

"घ्या ना बाबा," मुलगा म्हणतो.

"खरा नाहीये रे तो."